तीन ते अकराचा चार्ज

भूत, भानामती, करणी... या गोष्टींना माझ्या घरात कधीच जागा नव्हती. मी शाळेच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं काम केलं. पुस्तक जागेवर नसेल तर ते कोणीतरी नेलेलं असतं, एवढाच माझा अनुभव. त्यामुळे हे लिहायला वेळ लागला. घडलं ते क्रमाने सांगते, मत तुमचं तुम्ही बनवा.

साल २००६. नाशिकला इंदिरानगरमध्ये तळमजल्यावर आमचा छोटा फ्लॅट. घरात मी आणि माझे मिस्टर, दोघंच. मूलबाळ नाही. हे सातपूरच्या एका कारखान्यात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. त्या वर्षी यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरलं फक्त "हं".

डॉक्टर म्हणाले, "डाव्या हाताला काम द्या. जुनी सवय असेल तिथून सुरुवात करा."

मी कॉम्प्युटर आणला. यांनी त्याचा कीबोर्ड कोपराने ढकलून दिला आणि माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे यांचा जुना कीबोर्ड होता. नव्वदच्या दशकात कंट्रोल रूममध्ये टर्मिनल होती, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. ती भंगारात निघाली तेव्हा साहेबांना विचारून हे आपला कीबोर्ड घरी घेऊन आले होते. पोळपाटापेक्षा जड, आणि पिन टेलिफोनच्या वायरीसारखी. नव्या कॉम्प्युटरला ती कुठेच बसेना.

महात्मा गांधी रोडवर सोनवणे नावाचे दुरुस्तीवाले होते. त्यांनी कीबोर्ड उलटासुलटा केला.

"ताई, याच्यापेक्षा नवीन दहा देतो."

"दहा नकोत. हाच चालू करून द्या."

"हा जुन्या भाषेत बोलतो, तुमच्या कॉम्प्युटरला ती कळत नाही. मधे दुभाषी बसवावा लागेल."

चार दिवसांनी त्यांनी साबणाच्या डबीएवढा एक बॉक्स करून दिला. एका बाजूला जुनी पिन, दुसरीकडे नवी. म्हणाले, "बाजूचे आकडे मी जोडलेले नाहीत. आणि वरच्या रांगेतला चार मेलाय. त्याच्या आतली पट्टीच तुटलीये. चालेल?"

"चालेल. यांना कुठे हिशेब लिहायचेत?" मी म्हटलं. वहीत नोंदही केली — चार बंद.

आता कंट्रोल रूमचा एक नियम सांगायला हवा. शिफ्ट संपली की ऑपरेटरने 'चार्ज दिला' असं टाइप करायचं. बदली माणसाने त्याखाली 'चार्ज घेतला' लिहून वेळ आणि आपला टोकन नंबर टाकायचा. तोवर पहिल्याने खुर्ची सोडायची नाही, काहीही होवो. यांचे बदली म्हणजे कळवणकडचे गांगुर्डे. एके दिवशी ते तीनच्या शिफ्टला घरून निघाले आणि पोचलेच नाहीत... वाटेत स्कूटरवरून पडून जागीच गेले. हे रात्री अकरापर्यंत खुर्चीत बसून होते. त्यानंतर गांगुर्ड्यांचं नाव यांनी घरात कधी काढलं नाही.

कीबोर्ड जोडला त्या दुपारी यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने, खाड खाड आवाज करत, इंग्रजीत टाइप केलं — 'पंधराशे. चार्ज दिला. बाकी काही नाही.' पंधराशे म्हणजे दुपारचे तीन. मला रडूच आलं. पाच महिन्यांनी यांचा पहिला शब्द!

पण हे उठेनात. पाच वाजले, सहा वाजले. मी आणि कलाबाई धरायला गेलो की हे टेबल घट्ट पकडायचे. कलाबाई म्हणजे यांचं करायला येणारी, मूळची सुरगाण्याची. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याभरात पाठीच्या खाली जखम झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "दुपारी आडवं करा. ही जखम चिघळली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मी कीबोर्ड काढून ठेवला. हे जेवेनात. परत जोडला.

मग मीच यांच्या ओळीखाली टाइप केलं, 'चार्ज घेतला.' यांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि एकेक अक्षर करत सगळं पुसलं. तेहतीस वर्षांच्या संसारात यांनी असं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. नंबर नव्हता ना त्यात.

पुढच्या गुरुवारी मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. कलाबाई ओरडली, "वहिनी! ओ वहिनी! दादा उठत्यात!"

धावत आले. हे टेबलाला धरून उभे होते, घाम आलेला. आम्ही पलंगावर नेलं, हे निमूट आले. आल्या आल्या झोपले. मग मी पडदा बघितला. यांच्या ओळीखाली एक ओळ होती — 'चार्ज घेतला. १५०४. ४१२७.'

दोन ठिकाणी चार.

मी चारचं बटण दाबलं. काही नाही. वीसेक वेळा दाबलं. नवा कीबोर्ड कपाटात, मी गुंडाळला तसाच होता.

"कलाबाई, तुम्ही हात लावलात?"

"मी? मी मेथी निवडत व्हते. मला काय इंग्लिश येतं का?"

"मग यांनी लिहिलं?"

"नाय. दादा नुसते बघत व्हते." पुढे म्हणाली, "आन् मग मान हलवली, वहिनी. कोणी आल्यावर हलवतात तशी."

यांची ड्यूटीची जुनी डायरी ट्रंकेत होती. शेवटच्या पानावर सगळ्यांचे टोकन नंबर. गांगुर्डे — ४१२७. ते पान मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

सोनवण्यांनी माझ्यासमोर कीबोर्ड उघडला. पट्टी तुटलेलीच. "ताई, याच्यातून चार निघू शकत नाही," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

जखम भरली. यांनी पुन्हा कधी टाइप केलं नाही. तीन वाजले की आपणहून पलंगाकडे हात करायचे. फक्त कॉम्प्युटरपुढच्या त्या खुर्चीवर कोणी बसायला गेलं की "हं! हं!" करून उठवायचे. तीन वर्षांनी हे गेले, झोपेतच, शांतपणे.

मागची आवराआवर मी यादी करूनच केली. कपडे, व्हीलचेअर, औषधं... सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे. राहिली आहे ती खुर्ची आणि तो कीबोर्ड. कलाबाई अजूनही त्या खुर्चीला वळसा घालून केर काढते.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. सुचतील तेवढ्या शक्यता लिहिल्या आणि एकेक खोडल्या. पण माझी झोप जाते ती वेगळ्याच गोष्टीने. तीनला घेतलेला चार्ज अकराला द्यावा लागतो. त्या रात्री अकराला कोणी तो घेतला नाही, त्यानंतरही नाही. आणि बदली आल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम गांगुर्ड्यांनाही होताच.

वहीत शेवटची ओळ तशीच आहे — 'गांगुर्डे यांना मोकळं करणे.' करायचं काय ते माहीत आहे. कीबोर्ड जोडायचा आणि 'चार्ज घेतला' लिहून खाली नंबराच्या जागी माझं नाव टाकायचं. दोनदा बॉक्स हातात घेतला आणि परत ठेवला. कारण मग त्या खुर्चीत मी असेन, आणि माझ्या जागी यायला कोणी नाही.