आबांचा डावा माउस

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. आमच्या कुरुंद्यात कुणाच्या अंगात आलं की बाया हात जोडतात, मी मात्र "तिला आधी लिंबूसरबत पाजा" म्हणते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण घडलं ते घडलं.

विंडोज ९८ च्या काळातली गोष्ट आहे. लग्न होऊन आले तेव्हा माझ्याजवळ टायपिंगची परीक्षा आणि कॉम्प्युटरचा कोर्स, एवढंच होतं. माझे सासरे, म्हणजे आबा, यांनी नांदेडहून एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला आणि थेट पुढच्या खोलीत मांडला. ती खोली दरवर्षी हळदीच्या पोत्यांची. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. आबा म्हणाले, "पोती कुठंबी राहतात. माझी सून हितं दुकान चालवंल." झालं, लग्नपत्रिका, शाळेचे पेपर, अर्ज... माझं काम सुरू झालं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की आबा कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला खुर्चीत बसायचे. आबा जन्मानं डावखुरे. शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात सुतळीनं बांधून ठेवला होता, आणि घरी डावा हात ताटाकडे गेला की फटका ठरलेला. मग जन्मभर लिहिणं, जेवणं, पूजा सगळं उजव्या हातानं. माउस मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी डाव्या हातात धरला. मी सेटिंगमध्ये जाऊन बटणं उलटी करून दिली, डोळ्यांना दिसावा म्हणून स्क्रीनवरचा बाणही मोठा केला. आबा एवढे हरखले! "माय, जिंदगीत पहिल्यांदा कुणी हातावर मारून न्हाई राहिलं बघ."

त्यांचा आनंद खरा, पण माझ्या डोक्याला ताप झाला. ते उठले की मी बटणं सुलटी करायची, मी पाणी प्यायला आत गेले की आबा पुन्हा उलटी करून मोकळे. पत्रिकेच्या ऐन मध्यावर क्लिक करावं तर भलताच मेनू उघडायचा. "आबा, परत?" मी ओरडायची, आणि ते अंगणातून खुदुखुदु हसायचे. असे सासरे मिळायला नशीब लागतं.

एका हिवाळ्यात छातीत कळ आली आणि आबा गेले.

पुढच्या पावसाळ्यात विजेच्या लपंडावानं हार्ड डिस्क जळाली. नांदेडच्या दुकानदारानं नवीकोरी डिस्क बसवून विंडोज नव्यानं टाकलं. जुनं काहीही वाचलं नाही. नव्या डिस्कवर माउस पहिल्यापासून उजव्या हाताचा होता आणि बाण बारीक. भांडायला कुणी उरलंच नव्हतं.

मग उन्हाळा आला. हळद शिजून वाळली, पोती ओसरीवर येऊन पडली. हे म्हणाले, "हे डबडं काहून जपून राहिलीस? आता बिघडलं की दुकान बंद. खोली हळदीला."

आणि त्याच आठवड्यात, हट्टा गावाजवळच्या तांड्यावरच्या राठोडकाकांच्या लेकीची पत्रिका टाइप करत असताना लाइट गेली. आली तेव्हा कॉम्प्युटर अडून बसला — म्हणे रजिस्ट्री खराब झालीय. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटर आपल्या सगळ्या सवयी जिथे जपून ठेवतो ती जागा. विंडोज तिच्या जुन्या प्रती ठेवतं, पण फक्त शेवटच्या पाच. त्यातली एखादी परत बसवली तर मशीन जागं होतं, नाहीतर नाही.

हे पोतं खांद्यावर घेऊनच दारात उभे. "झालं का?"

"थांबा की जरा!" मी खेकसले.

काळ्या स्क्रीनवर कमांड दिली. पाच तारखा आल्या, पाचही अलीकडच्या. वरून एकेक बसवत गेले, एकही चालेना. शेवटची तेवढी राहिली. मी देवाचं नाव घेत नाही, पण तोंडून निघून गेलं, "आबा, तुमची खोली चालली हो..."

ती बसवली आणि मशीन सुरू झालं. मी घाईघाईनं पत्रिकेवर क्लिक केलं. भलताच मेनू! बाणाकडे पाहिलं... मोठा, ठसठशीत.

"आबा, परत?" सवयीनं ओरडलेच मी. आणि मग मला रडूच कोसळलं.

ह्यांनी पोतं खाली ठेवलं. उजव्या हातानं क्लिक करून पाहिलं, मेनू उघडला. मग माउस डाव्या हातात घेतला, तर बराबर चालला. माउस हळूच खाली ठेवला. मग पोतं उचलत म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुझं दुकान. पोती गोठ्याकडं नेतो मी."

दुकानदाराला नंतर विचारलं. "रजिस्ट्री बिघडली की काहीही होतं ताई," म्हणाला. होत असेल. पण त्या डिस्कनं आबांना कधी पाहिलंच नव्हतं. लाइट जाईपर्यंत माउस उजवा होता, आणि माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत नव्हतं. मग बिघाड नेमका आबांच्याच हाताचा कसा झाला? मला आजही सांगता येत नाही.

बटणं सुलटी करणं सोपं होतं, मी केली नाहीत. राठोडकाकांची पत्रिका त्याच दुपारी पूर्ण केली, डाव्या हातानं. सारखी चुकत होते. कुणी हातावर मारलं नाही.