सतरा वर्षं बरोबर असलेला लेमा

“असं कोण लिहितं गं?” प्रणिताच्या वहीतल्या ओळीखाली लाल रेघ मारत मी म्हणालो. “ही उडी बघ. या ओळीवरून त्या ओळीवर येताच येत नाही. कुठल्या महाभागाने छापलंय हे?”

“तुम्हीच, सर.”

तिने मोबाइलवर तो संशोधनाचा पेपर उघडून दाखवला. वर माझं नाव. फोटो नव्हता एवढीच देवाची कृपा.

प्रणिता माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, मूळची आर्वीची. ज्याचा आधार घ्यायचा ते आधी स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवायचं, ही तिची पद्धत. त्यामुळे सतरा वर्षांपूर्वीचं माझंच लिखाण मी परक्याचं समजून वाचलं आणि चूक दोन मिनिटांत सापडली. ती माझी आहे हे कळल्यावर मात्र ती चूक नाहीच, हे सिद्ध करण्यात मी पुढचे पंधरा दिवस घालवले.

माझा विषय अर्गोडिक थिअरी. नाव भारदस्त आहे, कल्पना साधी. स्वारगेटहून सुटणाऱ्या एकाच बसचा वर्षभर पाठलाग करा आणि तिच्यातली सरासरी गर्दी काढा. किंवा एका क्षणी शहरातल्या सगळ्या बस थांबवून त्यांतल्या गर्दीची सरासरी काढा. दोन्ही उत्तरं एकच आली तर ती व्यवस्था अर्गोडिक. पुण्याच्या बस अर्गोडिक नाहीत. जी रिकामी धावते ती रिकामीच धावते, आणि ती कधीही आपली नसते.

आमच्या प्रमेयांत ‘सगळे’ हा शब्द क्वचित येतो. ‘जवळजवळ सगळे’ येतो. म्हणजे अपवाद आहेत, पण सगळ्या अपवादांचं मिळून वजन शून्य. आता एखादी हलती वस्तू दर सेकंदाला पाहा, किंवा दर दीड सेकंदाने पाहा, किंवा दर पावणेदोन सेकंदांनी. कुठलंही एक अंतर ठरवलंत, तर वस्तू जवळजवळ कुठूनही सुटो, सरासरी ठीक येते, म्हणजे एका आकड्यावर स्थिरावते. हे जुनं आणि पक्कं प्रमेय आहे. त्याच्यापुढे मी तरुणपणाच्या जोरात लिहिलं होतं की, म्हणून जवळजवळ कुठूनही सुटलेल्या वस्तूसाठी सगळ्याच अंतरांना एकदम सरासरी ठीक येते. आणि कंसात, ‘हे उघड आहे.’

उघड नव्हतं. आमच्या सोसायटीत चाळीस घरं आहेत. समजा, दर मीटिंगला एकच घर गैरहजर, आणि दर वेळी वेगळं. कुठल्याही मीटिंगचं रजिस्टर उघडा, जवळजवळ सगळे हजर. पण चाळीस मीटिंगांनंतर एकही दांडी न मारलेलं घर शोधा. सापडणार नाही. अपवाद दर वेळी चिमूटभरच, पण दर वेळी निराळे. माझ्या त्या विधानातली, म्हणजे लेमातली, अंतरं तर चाळीस नव्हती, यादी करता येणार नाही इतकी होती.

लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाकडे जाताना मध्ये टाकलेली फळी. प्रणिताच्या थिसिसचं तिसरं प्रकरण याच फळीवर उभं होतं. थिसिस पुढच्या महिनाअखेरीपर्यंत जमा झाला तरच परदेशात तिला मिळालेली दोन वर्षांची संशोधनाची जागा टिकणार होती. नाहीतर ती यादीतल्या पुढच्या माणसाला. हातात पाच आठवडे होते. त्यांतले पंधरा दिवस मी खाल्ले. रोज सकाळी नवी दुरुस्ती घेऊन मी तिच्या टेबलापाशी जायचो. ती शांतपणे ऐकायची, “हं” म्हणायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दुरुस्ती कोसळलेली असायची.

सोळाव्या दिवशी तीच अर्धं पान घेऊन आली. तिने बिंदूंचा एक संच रचला होता. त्याचं वजन शून्य. पण तो असा पसरलेला, की तुम्ही कुठूनही निघा, योग्य तेवढ्या अंतराने पावलं टाकलीत तर प्रत्येक पाऊल त्यातच पडणार. आमच्या रस्त्यावर खड्ड्यांचं असंच आहे, पण त्याचं कोणी गणित मांडलेलं नाही. थोडक्यात, माझ्या लेमाची सिद्धताच चुकली होती असं नाही. लेमाच खोटा होता.

मी विभागप्रमुख जोगळेकर सरांकडे गेलो. ते नंबर थिअरीवाले, निवृत्तीला टेकलेले.

“छापून किती वर्षं झाली?” त्यांनी विचारलं.

“सतरा.”

“कोणी हरकत घेतली?”

“नाही. कोणी वाचलाच नसेल.”

“मग आता तरी कोण वाचतंय? रेफरीने पाहिला होता ना?” रेफरी म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारा, नाव गुप्त ठेवलेला जाणकार.

“पाहिला असावा.”

“मग सतरा वर्षं जे बरोबर होतं ते आणखी सहा महिने बरोबर राहू द्या. मुलगी विमानात बसली की छापा हवी ती दुरुस्ती. आणि परीक्षक कोण येणार आहेत ते ठाऊक आहे ना? नागपूरचे सर. त्यांनी दोन पेपरांत तुमचाच लेमा वापरलाय. त्यांच्यासमोर त्यांचंच घर पाडायचं, आणि वर सही त्यांच्याकडेच मागायची. वा!”

खोटं कशाला सांगू, मला पटलं. त्यात मुलीचं भलं होतं आणि माझी अब्रूही झाकली जात होती. इतकी सोयीची गोष्ट पटायला वेळ लागत नाही.

मी प्रणिताला म्हणालो, “आपण लेमा सिद्ध करायला जायचंच नाही. नुसता पेपरचा दाखला द्यायचा. जबाबदारी माझी.”

तिने वही मिटली. “ठीक आहे ना, सर. मग गाइड म्हणून तुम्ही सर्टिफिकेटवर सही करता, तिच्याखाली एक ओळ लिहून द्या. लेमा बरोबर आहे म्हणून.”

मी पेन काढलं. परत खिशात ठेवलं.

“जागा जाईल याची धास्ती नाही वाटत तुला?”

“वाटते ना. बाबांनी अख्ख्या आर्वीत सांगून ठेवलंय. पण तिथे गेल्यावर मला याच प्रकरणावर बोलायचंय, सर. कोणीतरी हात वर करेलच. तेव्हा तुम्ही नसाल तिथे.”

मग मात्र आम्ही कामाला लागलो. ‘सगळ्या अंतरांसाठी’ हे खोडून ‘जवळजवळ सगळ्या अंतरांसाठी’ लिहिलं. एवढं बदललं की विधान खरं होतं, आणि चार ओळींत सिद्धही होतं. सतरा वर्षांपूर्वी त्या चार ओळी लिहायचा मला कंटाळा आला होता. तिचं एक प्रमेय जरा आखूड होऊन वाचलं, दुसरं गेलं. त्याच्या जागी तिचं अर्धं पान सहा पानांचं होऊन बसलं. शेवटच्या दिवशी थिसिस जमा झाला. खिडकीवरच्या बाईंनी मार्जिन मोजलं, पानं मोजली, शिक्का मारला. लेमाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

पुढे परीक्षकांचा अहवाल आला. व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्यायला हरकत नाही. मात्र ‘एका मुद्द्यावर समक्ष बोलायचं आहे.’ तो एक मुद्दा कोणता, हे विचारायची गरज नव्हती. मी त्या आठवड्यात ॲसिडिटीच्या दोन पट्ट्या संपवल्या.

नागपूरचे सर आले. शर्ट इन केलेला, आवाज मऊ, पुढ्यातल्या थिसिसमध्ये पिवळी चिठ्ठी.

“पान एकाहत्तर,” ते म्हणाले. “हा लेमा खोटा आहे असं तुमचं म्हणणं?”

“हो, सर.”

“कोणाचा लेमा?”

प्रणिताने माझ्याकडे पाहिलं. मी पन्नाशीत, भरल्या वर्गात, हात वर केला.

“ते मला माहीत आहे हो,” ते मला म्हणाले. “दोनदा वापरलाय मी.” मग तिच्याकडे वळून, “करा फळ्यावर.”

तिने सुरुवात केली. मध्येच त्यांनी थांबवलं. “हे का?” तिने कारण सांगितलं. पुन्हा थांबवलं. पुन्हा सांगितलं. शेवटची ओळ झाल्यावर ते पाणी प्यायले. जोगळेकर सर छताकडे बघत होते. प्रणिताच्या हातात खडू तसाच.

“माझा पहिला पेपर वाचेल,” नागपूरचे सर म्हणाले. “‘जवळजवळ’ घातलं की झालं. दुसरा गेला. बाई, हे जरा आधी सांगायचं नाही का? त्या पेपरावर मी प्रोफेसर झालो.”

“तेव्हा मी सहावीत होते, सर.”

सगळ्यात आधी तेच हसले. सही करताना त्यांनी तिच्याकडे त्या सहा पानांची झेरॉक्स मागितली.

प्रणिता वेळेवर गेली. मी जर्नलला करेक्शन पाठवलं, तेही छापून आलं. अर्धं पान. पेपरातला लेमा चुकीचा आहे, चूक लेखकाची आहे, ती दाखवून दिल्याबद्दल प्रणिताचे आभार. माझं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण हेच. धडा म्हणाल तर एवढाच, की ‘हे उघड आहे’ असं लिहावंसं वाटलं की मी आता आधी त्या चार ओळी लिहून बघतो. चाराच्या बहुधा चौदा होतात.

करेक्शनचा प्रिंट काढून मी घरी मेधाला दाखवला. माझी बायको एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. कुठलाही कागद ती दोनदा वाचते. मजकूर इंग्रजीत आणि गणिताचा होता, तरी नेमकं काय ते तिला पहिल्याच ओळीत कळलं. मी कौतुकाची वाट पाहत उभा होतो.

“लग्नाला चोवीस वर्षं झाली,” चष्मा काढत ती म्हणाली. “पहिल्यांदा चूक लेखी कबूल केलीत, आणि ती कोणाकडे, तर परदेशातल्या मासिकाकडे. असू दे. मजकूर चांगला आहे. याचाच एक कोरा नमुना करून ठेवा. तपशील मी भरीन.”