दुसरा साक्षीदार

प्रेमाबाईंचा नवरा नथानिएल शिरूरला कंपाउंडर होता. बाहत्तर साली सोलापूरच्या एका लग्नाला निघाला, दौंडला गाडी पकडायची म्हणून एसटीत बसला, आणि लग्नालाही पोचला नाही, घरीही परतला नाही.

त्यानंतर मात्र तो साऱ्या मुलखाला दिसू लागला. कुणाला कासुर्डीच्या हॉटेलात, कुणाला खुटबावच्या पारावर. निरोप आला की प्रेमाबाई भाकरी बांधायच्या, त्याचा धुतलेला सदरा पिशवीत घालायच्या आणि निघायच्या. दर वेळी माणूस दुसराच निघायचा. निरोप्या तोवर चहा पिऊन गेलेला असायचा. मी शेजारीच राहायचो; मला त्या निरोप्यांचा भारी राग यायचा. गल्लीतली टवाळ माणसं म्हणायची, "लांडगा आला रे आला!" बाई परत येऊन सदरा पुन्हा धुवायला घ्यायच्या.

त्यांची लेक दबोरा मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागली. शहात्तरच्या मे महिन्यात ती घरी आली, तेव्हा आईनं विचारलं, "तू तिथं करतीस तरी काय?"

"खोट्या बातम्या बाजूला काढते," दबोरा हसली. "आभाळात फार लांबून गॅमा किरणांचा झोत येतो, कधी तर क्षणभरच. डोळ्यांना दिसत नाही, उपग्रहावरची यंत्रं टिपतात. पण यंत्रं फसतात गं. सूर्य खवळला, नाहीतर पृथ्वीभोवतीचे कण आदळले, तरी झोत आला म्हणून ओरडतात."

"मग खरा कसा वळखायचा?"

"लांबच्या दुसऱ्या उपग्रहानंही त्याच वेळी तोच पाहिला, तर खरा. एकट्याचं धरायचं नाही."

"पवित्र शास्त्रातबी ह्येच हाय की. दोघांची साक्ष लागती."

त्या दिवसापासून बाई निरोप्याला विचारू लागल्या, "आनखी कुनी बघितलं?" आणखी कुणी बघितलेलं नसायचंच. चहा बंद झाला, तशा बातम्याही आटल्या. दबोराला वाटलं, आई या फेऱ्यांतून सुटली. मला तसं वाटेना. बाई दारात बसून रस्त्याकडे बघायच्या आणि घडीचा सदरा उगाच धुवायच्या.

अठ्ठ्याहत्तरच्या नाताळात दबोरा घरी असताना ट्रकवाला हौशीराम आला. "मावशी, कंपौंडर दौंडच्या ठेशनात हायती! नळापाशी बाकावर. सकाळी बघितलं म्या."

बाई पीठ काढू लागल्या.

"आई, एकच साक्षीदार आहे," दबोरा म्हणाली. "ठरलंय ना आपलं?"

"तुझा दुसरा उपग्रह आधीपास्नंच डोळं उघडून वर बसल्याला असतो. हितं कोन बसलंय? मी गेल्याबिगर दुसरा साक्षीदार यायचा कुठनं?"

दबोरानं चपला घातल्या आणि आईबरोबर निघाली. पुढचं तिनंच मला सांगितलं.

बाकावर खरंच एक म्हातारा बसला होता. नथानिएल नव्हता. बाईंनी त्याला नीट बघून घेतलं आणि भाकरी त्याच्या हातात दिली. तो काही न विचारता खाऊ लागला. सदरा पिशवीतच राहिला.

"चल, येष्टी चुकंल," बाई म्हणाल्या.

पण दबोरा हलेना. सोलापूरकडून आलेली गाडी नुकतीच लागली होती, आणि उतरणाऱ्या एकेका माणसाचं तोंड ती निरखत होती. "थांब जरा, आई. मागचे डबे राहिलेत."

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"सहा वर्सं एकलीच बघत व्हते," त्या म्हणाल्या. "तू मागलं डबं बघ. मी म्होरलं बघते."