विलायतेच्या बाईचं गाऱ्हाणं

"वयनी, ह्या खेपेक आमचो पक्ष येतलो!" असं म्हणून तो रेडिओच्या डोक्यावर थाप मारायचा. पक्ष विलायतेतला, रेडिओ वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावातला.

असा एखादा तुमच्याही शेजारी असेल. आमचा दिसायला सुक्या बांगड्यासारखा होता. तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी. एकदा तापाने फणफणला, तेव्हा बोट त्याला विलायतेच्या बंदरात उतरवून निघून गेली. तिथल्या एका बाईने घरी ठेवून बरा केला. ती बाई तिथल्या तिसऱ्या पक्षाची. झालं, हाही त्याच पक्षाचा! दोन मोठे पक्ष आलटून पालटून राज्य करीत. याच्या पक्षाला मतं ढीगभर, जागा चिमूटभर. दर निवडणुकीला हा आधीच पेढ्यांऐवजी जत्रेतले गुळाचे कडक खाजे आणून ठेवी. पक्ष हरे, खाजे आम्ही खाऊ. त्या पक्षापायी माझे दोन दात गेले.

त्र्याऐंशी साली बाईने कळवलं, मी नगरपालिकेला उभी आहे. पाठोपाठ तिथे देशाचीही निवडणूक होती. याची झोप उडाली. नारळ घेऊन तो देवळात गेला. आमच्याकडे गावकर सगळ्यांच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालतो. त्याने ऐकलं आणि नारळ खाली ठेवला.

"आपल्या देवाची हद्द खाडीपर्यंत. विलायत खंय आणि तू खंय?"

"मी हद्दीतलो मां?"

"आसस."

"माझो जीव थंय अडाकलो आसा. तां सांग देवाक."

लोक फिदीफिदी हसत होते. मी म्हटलं, "घाला ओ! नारळ हाडलो हा, परत नेतलो काय?"

गावकर खाकरला. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची एक बाय विलायतेत इलेक्शनाक उभी रवली आसा. तिका आणि तिच्या पक्षाक येस दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे रिवाजाप्रमाणे ओरडलो. हसून आमची पोटं दुखली.

पक्ष हरल्याचं रेडिओने सांगितलं. हा खाज्यांना शिवेना. मग टपालाने बाईचा फोटो आला, छातीवर फितीचं फूल. नगरपालिकेत ती निवडून आली होती! धोतर सुटेपर्यंत हा अंगणात नाचला.

"वयनी, देव गावचो! गावापुरताच दिल्यान!"

सत्त्याऐंशीत पक्ष पुन्हा हरला. पुढच्या निवडणुकीआधी हा गेला. मी रडले नाही, मला ते जमत नाही.

पण वर्षाच्या गाऱ्हाण्यात गावकर शेवटी अजून म्हणतो, "आणि त्या विलायतेच्या बायेकव सांभाळ रे म्हाराजा!" ती आता कुठली असायला! देवाला कोणी सांगितलेलं नाही. सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. सगळ्यांत मोठा आवाज माझा.