साडेअकरा म्हणजे साडेअकरा

दिवेआगरला आमच्या वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत आणि त्या चार खोल्यांवर माझं राज्य चालतं. फाटकावर मी स्वतः रंगवलेला फलक आहे: वाळूचे पाय धुऊनच आत यावे. मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे. खोली दहाला सोडावी. सबबी चालणार नाहीत. हुकुमावरून. हुकूम कोणाचा, असं एका पाहुण्याने विचारलं तेव्हा मी छाती काढून उभा राहिलो होतो. बायको म्हणते, घरात रुबाब चालत नाही म्हणून फाटकावर टांगलाय. खरं आहे ते.

मुलगी गावातल्याच शाळेत तिसरीत आहे. तिच्या बाईंची शिस्त कडक, पण आवाज कधी चढत नाही. चपला भिंतीला लावून रांगेत, पाण्याच्या बाटल्या खिडकीत. पालकांकडून अपेक्षा एकच. शनिवारी शाळा साडेअकराला सुटते, रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या सुसाट असतात, तेव्हा लहान मुलांना घरच्यांनी वेळेवर येऊन न्यावं. शेवटचं मूल जाईपर्यंत बाई थांबतात. त्यांची बोर्लीची एसटी पावणेबाराला असते.

शेवटचं मूल बहुतेक आमचंच असायचं. शनिवारी नेमके पाहुणे उतरतात. कोणाला एसी कमी थंड वाटतो, कोणाला खिडकीतून समुद्र हवा असतो. बाईंचा फोन आला की मी म्हणायचो, "आलोच, पाच मिनिटांत," आणि फोन ठेवून चपला शोधायला लागायचो. पोचायचो तेव्हा बारा वाजून गेलेले असायचे. मुलगी पायरीवर, बाई दारात आणि एसटी केव्हाच गेलेली. बाई फक्त "या" म्हणायच्या. कोणी रागावत नाही म्हणजे चालतंय, असा मी सोयीस्कर समज करून घेतला होता.

मग पालकसभा आली. बाईंनी मुलांकडून पालकांसाठी नियम लिहून घेतले होते, खाली नाव न घालता, आणि ते कागद वर्गात दोरीवर चिमटे लावून टांगले होते. 'आईने चित्र स्वतः रंगवू नये.' 'पाढे विचारताना मोबाइल बघू नये.' मी मजेत वाचत फिरत होतो. एक कागद तर मी सगळ्यांसाठी मोठ्याने वाचला: "मूल साडेअकराला न्यावे. आलोच म्हणायचे असेल तर आधी घरातून निघावे." मला हसू आवरेना. "अहो, कोणाचा बाप आहे हा?"

सगळे पालक हसले, जरा जास्तच हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या कागदाकडेच बघत होत्या, म्हणून मी खालच्या ओळी वाचल्या. 'सबबी चालणार नाहीत. हुकुमावरून.'

माझे कान तापले. बाईंची माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते "अक्षर छान आहे." आता विचार केला तरी स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

पुढच्या शनिवारी पाहुण्यांना बॅगांसकट अंगणात बसवलं आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी शाळेत हजर झालो. चपला रांगेत लावल्या. मग मुलगी बसते त्याच पायरीवर बसलो. बाजूच्या चिऱ्याच्या भिंतीत हात जाईल एवढी एक खोबण होती. सहज चाचपली, तर आत पाच सागरगोटे निघाले, खेळून खेळून गुळगुळीत झालेले. घरी ते मी कधी पाहिले नव्हते. मला उशीर होणार हे धरून तिने वेळ घालवायची सोय इथेच करून ठेवली होती. मी ते होते तसे परत ठेवले. फार वाईट वाटलं.

घंटा झाली. मुलं दंगा करत बाहेर आली. ती नेहमीसारखी सावकाश, सगळ्यांच्या मागून आली आणि मला पाहून दारातच थबकली. तिचा चेहरा पांढरा पडला. चपला न घालताच ती धावत आली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाबा, काय झालं? आई बरी आहे ना?"