लकडगंजातलं बटण

लकडगंजात बाबांचं सागवानाचं दुकान आहे. त्याच्यासाठी मी वेबसाइट बनवत होते. फळीची लांबी, रुंदी, जाडी टाकायची, बटण दाबायचं, की घनफूट समोर. सगळा कोड एकाच फाइलीत होता तेव्हा मस्त चाललं. मग मला अवदसा आठवली आणि मी त्याचे वेगवेगळे मॉड्यूल, म्हणजे सुट्या फाइली, केले. झालं, बटण मेलं.

दुपारी दुकानातच लॅपटॉप घेऊन बसले. मागं लाकूड चिरणारी आरामशीन किंचाळत होती आणि माझं लक्ष दुसरीकडेच होतं. सकाळी एक माणूस टेप लावून अख्खं दुकान मोजून गेला होता. बाबा दुकान विकतात की काय? मला तर नोकरी सोडून हेच चालवायचं होतं. पण विचारणार कसं? दुकानातलं दुकानात, घरच्यांनी विचारायचं नाही, हा बाबांचा नियम. आईलासुद्धा घरी कधी काही कळलं नाही.

मॉड्यूलमधलं घनफूट काढणारं फंक्शन त्या फाइलीपुरतंच राहतं, पानावरच्या बटणाला ते दिसतच नाही, हे उशिरा ध्यानात आलं. त्याच्यापुढं एक्सपोर्ट लिहिलं. तरी बटण ढिम्म. नुसता संताप झाला.

"काय करून राहिली वं केव्हाची?" बाबा म्हणाले.

"हिशेब आतच अडकून राहिला, बाबा. एक्सपोर्ट लिहिलं म्हणजे आतली फाइल द्यायले तयार झाली, एवढंच. दुसऱ्या फाइलीनं नाव घेऊन मागावं लागते. त्याले इम्पोर्ट म्हणतात."

"अन् कोणी मागितलंच नाही तं?"

"तं राहते पडून."

बोलता बोलता मलाच उमजलं. मुख्य फाइलीत इम्पोर्ट लिहिलं, बटण तिथंच जोडलं. दाबलं तर आकडा हजर. पण जिवाला काही चैन पडेना.

"बाबा, तो टेपवाला काहून आला होता?"

"दुकान देऊन राहिलो. काल त्याले हो म्हणून टाकलं."

"मले पाहिजे होतं दुकान."

"मंग बोलली काहून नाही कधी?"

"तुम्ही तरी कुठं विचारलं?"

बाबांनी पुढं वाकून एका फळीचं माप टाकलं आणि बटण दाबलं. आकडा बरोबर आला.