दोनवर फिरवा
वाळल्या कुसळाचा वास आला की म्हसवडजवळची, माझ्या सासरवाडीच्या माळावरची एक पहाट आठवते. बायकोनं आदल्या संध्याकाळीच कॅमेऱ्यात दोन सेटिंग साठवून ठेवली होती, चकतीच्या एक आकड्यावर डोंगर आणि दोनवर पळतं जनावर. मी उजळत्या डोंगराचे फोटो काढत होतो, तेवढ्यात समोरच्या ओघळीतून लांडगीण वर आली, तोंडात पिल्लू धरून. शटर किती ठेवायचं, काही सुचेना. शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "आवं, दोनवर फिरवा की." चकती फिरवून मी बटण दाबलं आणि लांडगीण गवतात दिसेनाशी झाली. फोटोत पिल्लाचे मिटलेले डोळेसुद्धा स्वच्छ आले होते. तो आता आमच्या वाईच्या घरात लावलाय. कुणी काढला विचारलं, की मी सांगतो, आम्ही.